दोन मोजे आणि एक लड

मी मोजे विणायला घेतले आहेत असे वर्गात सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "साताऱ्यात एवढी थंडी कुठे पडते?" प्रश्न रास्त होता. पण डिसेंबरच्या पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी चालून पाहिलेल्याने तो विचारला नसता. आजीला मधुमेह आहे. तिच्या तळव्यांना आता फारसे कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी अनवाणी फिरायला मनाई केली आहे. दुकानातल्या मोज्यांचे इलॅस्टिक सुजलेल्या घोट्यांवर वळ उमटवते आणि बोटांपाशी असलेली शिवण टोचते. गोल विणलेल्या मोज्याला शिवण नसते. एवढ्यासाठी मी सुया हाती घेतल्या.

आजीची एकच अट होती. "दोन्ही सारखे होतील ना? जोडी म्हणजे जोडी!" या अटीमागे इतिहास आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आजी तेव्हा शाळेत होती. तिने विणलेल्या जोडांपैकी एक बाईंनी परत दिला, कारण एक पाऊल दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होते. ते परत येणे ती अजून विसरलेली नाही.

अट मान्य करून मी लोकर मात्र अशी निवडली की तिचे दोन मोजे सारखे होणे सर्वांत अवघड! पांढऱ्या लोकरीची १०० ग्रॅमची लड घेतली. धाग्याची लांबी सुमारे ४०० मीटर. (आपल्याकडची घोंगडीची लोकर आणा, असे एका सरांनी सुचवले होते. ती दणकट खरी, पण पायाला टोचते.) ती १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवून त्याच पाण्यात निवू दिली. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली किंवा घुसळली की तिचा नमदा होतो, म्हणून घाई चालत नाही. मग लडीचा एक तृतीयांश भाग मंजिष्ठाच्या पाण्यात सोडला. मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. ती उकळली तर तांबडा रंग विटकरी होतो. उरलेला भाग डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात पिवळा झाला. हळद घेतली नाही, कारण ती उन्हाने उडते. त्या पिवळ्यातला अर्धा भाग गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात क्षणभर बुडवला आणि तो काळपट हिरवा झाला. हे पाणी जपून वापरावे, लोखंड जास्त झाले की लोकर ठिसूळ होते.

थोड्या रंगांत भागवण्याची ही युक्ती जुनीच आहे. इजिप्तमध्ये अँटिनोपोलिस येथे सापडलेला लहान मुलाचा पट्टेरी मोजा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वय सुमारे सतराशे वर्षे. २०१८ साली तपासणीत दिसले की त्यातले सगळे रंग तांबड्या, निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या तीनच वनस्पतींपासून काढलेले आहेत. मोजा डाव्या पायाचा आहे. उजव्याचा पत्ता नाही!

आता खरी गंमत. माझ्या लडीचा घेर १५० सेंटिमीटर होता. म्हणजे तांबडा, पिवळा, हिरवा हे चक्र दर १५० सेंटिमीटरला पुन्हा सुरू होते. मोज्यावर रंग कुठे येणार हे या घेरावर आणि एका फेरीला किती धागा लागतो यावर ठरते. मी प्रथम ६८ टाके घातले. एका फेरीला साधारण ७५ सेंटिमीटर धागा गेला, दोन फेऱ्यांना १५०. झाले! एक आड एक फेरीत तोच रंग त्याच जागी येऊन बसू लागला. रंग साचले, मोठमोठे डाग पडले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हा कुठल्या देशाचा नकाशा?"

उसवले. ६४ टाके घातले, चार सुयांवर सोळा-सोळा, पाचवी विणायला. आता फेरीला ७० सेंटिमीटर, दोन फेऱ्यांना १४०. दर दोन फेऱ्यांनी रंग दहा सेंटिमीटर, म्हणजे नऊएक टाके पुढे सरकतो, आणि पायाभोवती तिरक्या रेघा चढत जातात. फक्त चार टाक्यांचा फरक!

टाचेला हिशेब पुन्हा बदलतो. तिथे निम्मे ३२ टाकेच मागे-पुढे ३२ ओळी विणायचे, म्हणून रंग आडव्या बारीक पट्ट्यांत येतो. मग टाच वळवताना मधले टाके विणत, कडेचे एकेक पोटात घेत १८ उरतात आणि पट्टी वाटीसारखी वाकते. हे पुस्तक वाचून कळत नाही. आजीने माझ्या हातावर हात ठेवून शिकवले. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांचे सोळा-सोळा टाके उचलले की वरच्या ३२ सह एकूण ८२ होतात. इथे फेरी लांब झाल्यामुळे रेघा चक्क उलट दिशेने पळू लागतात. दोन्ही बाजूंच्या कळ्यांत एक आड एक फेरीला दोन टाके कमी करत यावे, तसा त्यांचा वेग मंदावतो. ६८ वर त्या दोन फेऱ्या स्तब्ध उभ्या राहतात, तोच जुना नकाशा डोकावतो, आणि ६४ वर पुन्हा पहिल्या दिशेने चालू लागतात. हे पाहताना मी रात्रीचे जेवण विसरले होते.

दुसऱ्या मोज्याला मी चुकले. दोन मोजे जुळवायचे तर दुसराही चक्रातल्या त्याच रंगापासून आणि धाग्याच्या त्याच दिशेने सुरू करावा लागतो. मी उरलेल्या लोकरीचा गुंडा दुसऱ्या टोकाकडून उघडला. वीस फेऱ्यांनंतर लक्षात आले की रंगांचा क्रम उलटा आहे. तांबड्यामागून पिवळा यायचा तिथे हिरवा येतो. दोन्ही मोजे घेऊन आजीकडे गेले. "आजी, जोडी जुळत नाही गं. उसवू का?"

तिच्या डोळ्यांना आता रंग नीटसे कळत नाहीत. तिने दोन्ही मोजे मांडीवर घेतले, कडा ताणून पाहिल्या, अंगठ्याने टाके चाचपले. "टाके किती?"

"चौसष्ट. दोन्हींचे."

"मग उसवतेस कशाला? विण पुढे."

विणला. बोटांपाशी एक आड एक फेरीला चार टाके कमी केले आणि उरलेले सुईदोऱ्याने टाक्याला टाका जोडून बंद केले, म्हणजे तिथेही शिवण नको. गेल्या रविवारी जोडी तिच्या हाती दिली. तिने मोजे एकमेकांवर ठेवले आणि टाचेपासून बोटांपर्यंत अंगठ्याने हलकेच मोजत गेली. मग एक मोजा माझ्याकडे परत केला.

"याच्या पावलात दोन फेऱ्या जास्त आहेत."

मी मोजल्या. दोनच होत्या. सध्या तो मोजा चवड्यापर्यंत उसवून सुयांवर आहे.