ब्रिटनमध्ये झाडांची निगा राखण्याचं काम करता? मग कोणत्या संस्थेचं सभासद व्हावं?

🌳 आर्बोरिकल्चरल असोसिएशन (स्थापना १९६४): दोर-करवत घेऊन झाडावर चढणाऱ्यांपासून सल्लागारांपर्यंत सगळ्यांची. स्वतःची फर्म असेल तर इथली 'अप्रूव्ह्ड कॉन्ट्रॅक्टर' ही मान्यता मोलाची. ती कामाचा दर्जा आणि सुरक्षितता तपासूनच मिळते.

🌳 इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर (१९२४): परदेशात काम करायचं असेल तर हिचं 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' प्रमाणपत्र उपयोगी. अनुभव आणि परीक्षा दोन्ही लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. पुढे शिकत राहिलात तरच टिकतं. सभासदत्व आणि प्रमाणपत्र वेगवेगळं, हे विसरू नका.

🌳 इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड फॉरेस्टर्स: १९८२ पासून शाही सनद असलेली. सल्लागार व्हायचं, अहवाल लिहायचे, तर 'चार्टर्ड आर्बोरिकल्चरिस्ट' व्हायचं ध्येय ठेवा.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: माझ्या पातळीचा सभासद-वर्ग आहे का? जवळपास प्रशिक्षण होतं का? ग्राहक आणि नगरपालिका ही मान्यता ओळखतात का?

नुसत्या सभासदत्वाने कौशल्य सिद्ध होत नाही. ते परीक्षा आणि तपासणीनेच होतं. म्हणून आधी एकच संस्था निवडा, तिच्या कार्यशाळांना जा आणि अनुभवी माणसांकडून शिका. झाडांचं आयुष्य आपल्या हातात असतं, तेव्हा शिकणं थांबवू नका!