अंड्याचे कवच बिघडले असता काय ओळखावे?

परसातील कोंबड्यांची अंडी गोळा करीत असता केव्हा तरी एखादे चमत्कारिक अंडे हाती येते. त्यास कवचच नसते, पातळ पडद्यात गुंडाळलेला बलक हातात लिबलिबतो. किंवा कवच असते, पण त्यावर सुरकुत्या, खडूसारखी पांढरी भुकटी अगर मधोमध कमरपट्ट्यासारखा कंगोरा दिसतो. असे अंडे आठवड्याच्या बाजारात कोणी घेत नाही, आणि ते घालणारी कोंबडी बिघडली असे ठरवून ती पुष्कळदा कापली जाते. यात घरचे नुकसान दोन बाजूंनी होते. चांगली अंडी देणारी कोंबडी क्षुल्लक कारणाने जाते. आणि जेथे कवचातील बिघाड ही साथीच्या रोगाची पहिली खूण असते, तेथे एकीला दोष देऊन उरलेल्या कोंबड्यांकडे दुर्लक्ष होते.

अंडे कसे तयार होते हे थोडक्यात ध्यानी घेतल्यास यातील बराच गोंधळ मिटतो. बलक अंडाशयातून सुटल्यापासून पूर्ण अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास लागतात. पैकी सुमारे 20 तास अंडे अंडनलिकेतील कवचग्रंथीत राहते व तेथे त्यावर चुन्याचा थर चढतो. हे काम मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालते. तांबूस अंडे देणाऱ्या जातींत रंगाचा हात शेवटच्या काही तासांत फिरतो. यावरून सकाळी सापडलेले अंडे हे आदल्या दिवसाच्या दुपारपासून कोंबडीवर काय गुदरले याचा दाखलाच होय, असे म्हणता येईल.

कमरेला कंगोरा असलेल्या अंड्याचेच उदाहरण घ्या. कवच कोवळे असताना कुत्रे पाठीस लागले, मुंगूस किंवा मांजर खुराड्यापाशी आले, अगर अपुऱ्या जागेत कोंबड्यांची रेटारेटी झाली, म्हणजे कवचास आतल्या आत तडा जातो. पुढे त्यावर चुना बसून तडा सांधला जातो, पण वण राहतो. अशी अंडी वरचेवर सापडत असतील तर खाद्य बदलण्यापूर्वी खुराड्याचे दार व तिन्हीसांजेची वेळ तपासावी. एका बाजूस चपटे झालेले अंडे निराळ्या कारणाने होते. पहिले अंडे ग्रंथीत रेंगाळले व मागून दुसरे येऊन त्यास टेकले, म्हणजे मागचे चपटते आणि पुढच्यावर जादा पांढरा थर बसतो. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगा पहिले काही दिवस बिनकवचाची, दोन बलकांची अगर रक्ताचा डाग असलेली अंडी देतात. त्यांची घडी आपोआप बसते. फार वय झालेल्या कोंबडीचे कवच पातळ होणे हेही स्वाभाविकच आहे. या सर्व प्रकारांत एखाददुसऱ्या अंड्यासाठी औषधाची बाटली आणणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

कवच सतत पातळ येऊ लागले, तर मात्र चुन्याचा हिशेब मांडला पाहिजे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. उलट 100 ग्रॅम ज्वारीत ते 25 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. बाजरीत थोडे अधिक, मक्यात याहूनही कमी. गावठी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक बसते, आणि उकिरड्यातील किडे, शिंपले व जुन्या भिंतीचा चुना टिपून तिचे भागते. वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींना तेवढ्याच मूठभर दाण्यावर ठेवले म्हणजे त्या प्रथम स्वतःच्या हाडांतील चुना खर्ची घालतात. पुढे कवच पातळ होते, काहींचे पाय लुळे पडतात. पातळ अंडे घरट्यात फुटले की कोंबड्यांना अंडी खाण्याची खोड लागते, आणि ती सुटणे कठीण असते.

उपाय स्वस्त आहे. कोकणात तिसऱ्या व कालवांच्या शिंपल्या, तर देशावर चुनखडीची बारीक खडी सहज मिळते. शिंपल्या जाडसर कुटून निराळ्या भांड्यात ठेवाव्या. दाण्यात मिसळू नयेत. ज्या कोंबडीस गरज असेल ती आपण होऊन खाते. जाडसर कूट पेषणीत रात्रभर टिकून सावकाश विरघळते व कवच बनते वेळी उपयोगी पडते, म्हणून ते संध्याकाळी पुढे असावे. घरची टरफले भाजून चुरून दिली तरी चालतात. नदीची वाळू मात्र दाणे दळण्यापुरती. तिने कवच बनत नाही. अंड्यावर न आलेल्या पिलांना जादा चुना देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. दिवसभर डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्यांना ऊन मिळत नाही, आणि उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व न बनल्याने खाल्लेला चुना अंगी लागत नाही, हेही पाहावे.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात चुना असूनही कवच पातळ येते. कोंबडी धापा टाकू लागली की रक्तातील कर्बाम्ल वायू कमी होतो व कवचास लागणारा घटक अपुरा पडतो. शिवाय ती खातेही कमी. सावली, मातीच्या भांड्यातील गार पाणी व भल्या पहाटे दाणा, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष जागरूक राहावयाचे ते यापुढे. दोनतीन दिवसांत अनेक कोंबड्यांची अंडी एकाच वेळी सुरकुतलेली, फिकट व मऊ येऊ लागली, संख्या एकदम घटली, आणि जोडीला शिंका, घरघर, हिरवी हगवण अगर मान वाकडी होणे दिसले, तर तो राणीखेत, म्हणजेच मानमोडी, किंवा सांसर्गिक श्वासनलिकादाह असू शकतो. दुसऱ्या रोगात पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो, आणि तो लहानपणी झालेल्या तलंगांची अंडनलिका कायमची बिघडू शकते. कोंबड्या तरतरीत असूनही फिकट व बिनकवचाची अंडी आली, तर 1976 साली नेदरलँड्समध्ये प्रथम वर्णिलेल्या अंडीघट रोगाची शंका घ्यावी. त्याचे विषाणू बदकांत असतात. म्हणून बदके व कोंबड्या एकाच डबक्यावर पाणी पीत असल्यास त्यांना वेगळे करावे. अशा वेळी नवी कोंबडी आणू नये, आहे ती बाजारात नेऊ नये व त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. राणीखेतची लस मात्र कोंबड्या निरोगी असतानाच टोचून घ्यावी लागते.

दोष एकीचा की अनेकींचा, हे ठरविण्यास संशयित कोंबडी चार दिवस निराळ्या डालग्यात ठेवून तिची अंडी पाहावीत. दिवसा डालगे सावलीत व हवेशीर असावे. कवच विचित्र पण अभंग असेल तर अंडे खाण्यास हरकत नाही. तडकलेले ताजे अंडे त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावे. गळणारे टाकून द्यावे. खुडूक कोंबडीखाली मात्र सुरकुतलेले अगर पातळ कवचाचे अंडे ठेवू नये. त्यातील ओलावा लवकर उडतो व गर्भ मरतो.