गाळ्यातलं दुसरं वर्ष

खंडेनवमीला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जावं आणि मोठ्या कंपन्यांची गेटं सोडून मागच्या गल्ल्यांतले गाळे पाहावेत. शटर अर्धं वर असतं. लेथला झेंडूची माळ, व्हीएमसी यंत्राच्या दारावर हळदकुंकवाची पाच बोटं, पाटावर मायक्रोमीटर आणि व्हर्निअर पुसून ओळीनं मांडलेले, पुढे नारळ. यंदा अशाच एका ओळखीच्या गाळ्यात पूजेला गेलो होतो. मालक तिशीतला, आयटीआय झालेला. सहा वर्षं कंत्राटी कामगार होता, मग स्वतःचं मशीन टाकलं. हातावर पेढा ठेवत म्हणाला, "दादा, पहिलं वर्ष कर्ज मिळवण्यात गेलं. दुसरं वसुलीत चाललंय. कामाला मात्र तोटा नाही."

नाशिकमध्ये छोटा धंदा सुरू करणाऱ्याला कोणाची मदत मिळते, याचा आढावा लिहायला घेतला तेव्हा याच वाक्याभोवती सगळं फिरत राहिलं. सुरुवात करून देणारे हात या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. दुसऱ्या वर्षी पाठीशी उभे राहणारे मोजके आहेत, आणि कितीतरी गाळे त्याच वर्षी बंद पडायच्या बेताला येतात.

नाशिकला उद्योगाचं वळण लागलं ते बाहेरून आलेल्या मोठ्या कारखान्यांमुळे. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सरकारी छापखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तेव्हा संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. मग सातपूरला मायको आली, जी आज बॉश आहे. शहरातल्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. महिंद्र, क्रॉम्प्टन, सिएट, सीमेन्स, एबीबी अशी नावं सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर रुळली. या कारखान्यांना हजारो छोटे सुटे भाग लागत, ते सगळे स्वतः बनवणं परवडत नसे, आणि त्यातून जॉबवर्क जन्माला आलं. पाळीवर जाणारा फिटर संध्याकाळी भाऊबंदाच्या शेडमध्ये सेकंडहँड लेथ चालवू लागला. नाशिकची पहिली उद्योजकता प्रशिक्षण संस्था म्हणून मी या मोठ्या कारखान्यांच्या शॉपफ्लोअरचंच नाव घेईन. ड्रॉइंग वाचायचं कसं, टॉलरन्स म्हणजे काय, रिजेक्शन का होतं, हे तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे शेकडो गाळे उभे केले.

जागेसाठी सहकाराचा आधार होता. सातपूरची नाईस आणि सिन्नरजवळ मुसळगावची स्टाइस या उद्योजकांच्या सहकारी वसाहती आहेत. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे राहिले हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तोच सहकार यंत्रांच्या शेडपर्यंत पोचला, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. आज सातपूर-अंबडमध्ये नवख्याला स्वतःचा प्लॉट मिळणं जवळपास अशक्य झालंय. तो गाळा भाड्यानं घेतो, नाहीतर सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडे सरकतो. भाडं दर महिन्याला चुकवावंच लागतं, बिलं मात्र दर महिन्याला सुटत नाहीत.

सरकारी मदतीचं पहिलं दार म्हणजे सातपूरच्या उद्योग भवनातलं जिल्हा उद्योग केंद्र. अशी केंद्रं देशभर १९७८ पासून सुरू झाली. हल्ली तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तोंडी दोन योजना असतात. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ चा, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ चा. या योजनांमधला पैसा कसा फिरतो हे जरा नीट सांगतो, कारण गैरसमज इथेच होतो आणि पुढे वर्षभर सलत राहतो.

समजा ग्रामीण भागातल्या खुल्या गटातल्या तरुणाचा केंद्राच्या योजनेतला प्रकल्प १० लाखांचा आहे. त्यानं स्वतःचे १० टक्के, म्हणजे १ लाख घालायचे. बँक ९ लाख देते. सबसिडी २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. घरात सगळ्यांना वाटतं की अडीच लाख हातात पडणार. ते पडत नाहीत. ती रक्कम बँकेत त्याच्या कर्जाच्या नावावर तीन वर्षं मुदत ठेवीसारखी राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे की नाही याची पडताळणी होते आणि मग ती कर्जात वळती होते. योजना चांगली आहे, यात शंका नाही. अनुसूचित जाती-जमाती, महिला, इतर मागासवर्ग अशा गटांना ग्रामीण भागात ३५ टक्क्यांपर्यंत सबसिडी आणि फक्त ५ टक्के स्वतःचा हिस्सा, हा मोठाच आधार आहे. पण तीन वर्षं टिकेल त्यालाच तो खऱ्या अर्थानं मिळतो. आणि टिकायला लागणारं खेळतं भांडवल फाइलमध्ये पुरेसं धरलेलंच नसतं. एजंटकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला की यंत्राचं कोटेशन चकचकीत असतं आणि पगार, वीजबिल, कच्चा माल यांच्या रकान्यात कसाबसा एक आकडा. माझा आग्रह एवढाच, की तो रिपोर्ट स्वतः लिहा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. बँकेच्या टेबलासमोर "महिन्याला कास्टिंग किती लागेल?" असं विचारलं तर उत्तर आपल्या तोंडून आलं पाहिजे.

छोट्या कर्जांसाठी २०१५ पासून मुद्रा आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. जुनं कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत. मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ व्याजाचा परतावा देतं. पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात १८ व्यवसाय येतात, रामकुंडावरचे हारवाले आणि बुरूड यांच्यासकट. तारणाचा प्रश्न नेहमी निघतो. छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासून आहे, आणि कर्जाला हमी देणारा विश्वस्त निधी २००० पासून. हे नियम माहीत असलेला अर्जदार खुर्चीत जरा ताठ बसतो. मी स्वतः एका नातेवाइकासोबत एका बँकेत गेलो होतो, तिथे चार लाखांसाठी घराचा उतारा मागितला गेला. आम्ही उतारा काढून दिलाही. नियम आम्हाला दोन वर्षांनी कळला.

आता त्या दुसऱ्या वर्षाबद्दल.

समजा गाळ्यातून दोन लाखांचा माल एका कंपनीला गेला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ हजार. हा कर पुढच्या महिन्यात सरकारला भरावाच लागतो, कंपनीनं पैसे दिलेले असोत की नसोत. कंपनी म्हणते, नव्वद दिवसांनी. कास्टिंगवाला म्हणतो, रोख. हेल्परचा पगार सातला. म्हणजे काम मिळालं, माल पास झाला, नफाही झाला, आणि तरी मालक पतसंस्थेच्या दारात उभा. बाहेरच्याला वाटतं, धंदा चालला नाही. प्रत्यक्षात बिल सुटलं नाही.

यावर कायदा आहे, आणि तो चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे आणि नाशिक विभागासाठी ती नाशिकमध्येच आहे. एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३ बी कलमात भर पडली: सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा धरता येत नाही. बिलं लिलावात काढून बँकेकडून आधीच पैसे उचलण्याची ट्रेड्स ही सोय आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. या सगळ्याचा पाया म्हणजे उद्यम नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला एक रुपयाही फी नाही. माल पाठवण्याआधीच ती करून ठेवावी.

इतकं असूनही गाळेवाला कौन्सिलकडे जात नाही. त्याची दोनच गिऱ्हाइकं असतात. एकावर केस टाकली तर अर्धा धंदा गेला. ही भीती कायद्यानं जात नाही. संघटना मात्र ती कमी करू शकते. नाशिकला निमा आहे, अंबडला आयमा आहे, महाराष्ट्र चेंबरची शाखा आहे, लघुउद्योग भारती आहे. वीजदर, रस्ते, घरपट्टी यांसाठी या संस्था भांडल्या आहेत. निमा इंडेक्स, आयमा इंडेक्ससारख्या प्रदर्शनांत छोट्या उत्पादकाला स्टॉल मिळतो आणि तिथे तिसरं, चौथं गिऱ्हाईक भेटतं. थकलेल्या बिलांची बोलणी सभासदाचं नाव पुढे न करता संघटनेनंच करावी, हे काम त्यांनी नेहमीचं करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अंबडमधलं इंजिनीअरिंग क्लस्टर हे मला या सगळ्या आढाव्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून ते उभं राहिलं. एकट्या गाळेवाल्याला न परवडणारी मोजमापाची आणि चाचणीची यंत्रं तिथे पैसे भरून वापरता येतात. नव्या गिऱ्हाइकाला चाचणीचा दाखला हवा असतो, तो मिळवायला आता पुण्या-मुंबईला धावावं लागत नाही. इथे सबसिडी एका माणसाच्या खात्यात न जाता सगळ्यांच्या कामी येते, आणि ती दुसऱ्याच नव्हे तर दहाव्या वर्षीही उपयोगी पडते.

सुरुवातीलाच सगळी मदत ओतली तर काय होतं, याचा धडा नाशिकनं वाइनमध्ये गिरवला आहे. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली, २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झाला. शेतकऱ्यांनी भराभर वायनरी काढल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. कितीतरी छोट्या वायनरी बंद पडल्या किंवा दुसऱ्यांसाठी माल बनवू लागल्या. वाइन कशी करायची हे त्यांना आलं होतं, विकायची कशी हे कुणी शिकवलं नव्हतं. सुला टिकली ती पर्यटकांना दारात आणून.

उलट मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं. विलास शिंदे यांनी २००४ पासून द्राक्ष निर्यात केली, तोटाही सोसला, आणि बाजार कळल्यावर २०११ मध्ये शेतकरी उत्पादक कंपनी काढली. आज ती देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत आहे. आधी गिऱ्हाईक, मग इमारत, हा क्रम तिथे पाळला गेला.

घरगुती उद्योगांत हाच प्रश्न पाकिटाएवढा होऊन येतो. पेठ-सुरगाण्यात बचत गटाच्या बायका नागलीचे पापड उत्तम करतात. राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान 'उमेद' आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांनी त्यांना बचत, अंतर्गत कर्ज, हिशेबाची वही इथपर्यंत आणलं. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान आहे आणि गटातल्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. पण नाशिकच्या दुकानदाराला पाकिटावर वजन, बॅच नंबर, तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लागतो. हा क्रमांक वर्षाला शंभर रुपयांत मिळतो. तो नाही म्हणून वर्षभराची मेहनत जत्रेतल्या टेबलापुरती राहते. एका गटातल्या ताई मला पाकीट दाखवत म्हणाल्या, "पापड तोच हाय, पण लेबल लावल्यापासून दुकानदार पैसं कमी करा म्हनत न्हाई."

नव्या कल्पनांनाही नाशिकनं जागा दिली. मूळचे नाशिकचे, एमआयटीतले शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकारानं २०१५ च्या कुंभमेळ्याआधी, मेळ्यातल्या अडचणींवर तोडगे शोधणारी कुंभथॉन झाली. शाळकरी निलय कुलकर्णीनं गर्दी मोजणारी चटई त्याच काळात बनवली. त्यातून टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र नाशिकला आलं. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्यासाठी हजारो कोटींची कामं निघतील. त्यातली साधी कामं, रेलिंगपासून पाण्याच्या टाक्यांच्या स्टँडपर्यंत, सातपूर-अंबडच्या गाळ्यांकडे वळली आणि त्यांची बिलं ४५ दिवसांत सुटली, तर नव्या योजनेची गरजही पडणार नाही.

हा अंक ज्यांच्या हातात आहे त्यांतले काहीजण नक्कीच कंपन्यांच्या खरेदी किंवा लेखा विभागात बसत असतील. त्यांना एक विनंती. टेबलाच्या खणात एखाद्या गाळेवाल्याचं मुदत उलटून गेलेलं बिल असेल, तर ते लक्ष्मीपूजनाच्या आधी सोडवा.