दगडफुलाचा सोलापूरपर्यंतचा प्रवास

आमच्या धाराशिवकडच्या काळ्या मसाल्यात दगडफूल नसेल तर तो मसाला कसला! डब्यातला तो चुरगळलेल्या कागदासारखा काळपट पापुद्रा म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. कढईत मिनिटभरात परतून होतो. वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागलेली असतात. वाढीचा वेग जातीगणिक बदलतो, दगडाला घट्ट चिकटलेल्या काही जाती तर वर्षाला अर्धा मिलिमीटरच सरकतात. हिशेबाला सोपं म्हणून आपण सरसकट एक मिलिमीटर धरू.

याच्याशी शर्यत लावू कासवाची. (सशाला या वेळी सुट्टी.) कोकणात येणारं ऑलिव्ह रिडले, वजन चाळीसेक किलो. 2021 मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली. समुद्रमार्गे अंतर सुमारे 3500 किलोमीटर, तेही चार वर्षांच्या आत. दगडफुलाला एवढ्यासाठी 350 कोटी वर्षं हवीत. पृथ्वीचंच वय 454 कोटी!

बरं, ओडिशा राहू द्या. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो थंड झाला त्या दिवशी लायकेनचा एक ठिपका धाराशिवहून निघाला असता, तर 66 किलोमीटर चालून आज जेमतेम सोलापूरच्या वेशीवर पोचला असता. एसटीनं दीडेक तासाचा रस्ता.

चिवटपणात मात्र कासवानं हात टेकावेत. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असं कासवांबाबत म्हटलं जातं. उलट 2005 मध्ये लायकेनच्या दोन जाती युरोपीय अवकाश संस्थेनं यानाबाहेर दोन आठवडे उघड्यावर ठेवल्या. ना हवा, ना पाणी, वर सूर्याचा नागडा मारा. परत आणून ओलावा दिल्यावर त्या पुन्हा अन्न बनवू लागल्या.

पुन्हा शर्यतीकडे येऊ. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरच्या बांधात असलेला पाणीमहाल 1613 चा. त्या बांधाच्या दगडावर पहिल्याच वर्षी एखादा ठिपका रुजला आणि अखंड पसरत राहिला असं समजू. चारही बाजूंनी वर्षाला एकेक मिलिमीटर म्हणजे आज त्याची रुंदी भरेल 80 सेंटिमीटरच्या आसपास. ऑलिव्ह रिडलेची पाठ साधारण 65 ची. चारशे वर्षांत पठ्ठ्यानं कासवाला गाठलं म्हणायचं, निदान आकारात तरी.