नकाशांतील दातिवरे

परवां घरांतील एका विद्यार्थ्यानें मोबाइलवर पालघर जिल्ह्याचा नकाशा उघडला आणि दातिवऱ्यावर बोट ठेवून आम्हांस विचारिलें, “आजोबा, रस्ता तर इथेंच संपतो. इतक्या टोकाला लोक राहावयास गेले तरी कां?” प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. नकाशा आपण वाट शोधण्यापुरता पाहतों. वाचीत मात्र नाहीं.

आम्हीं म्हटलें, “बाळ, रस्ते क्षणभर विसर आणि पाणी पाहा.” त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा जेथें समुद्रास मिळते, तेथें उत्तर तीरावर दातिवरे व दक्षिणेस अर्नाळ्याचा जलदुर्ग, अशीं जणुं एकाच दाराचीं हीं दोन कवाडें. पूर्वीं भरतीच्या पाण्यावर होड्या मनोरपर्यंत जात. मुख ज्याच्या हातीं, आंतला व्यापार त्याच्या हातीं. दातिवऱ्यास कोट कां, याचें उत्तर हें. येथून उत्तरेस एडवण, केळवे, माहीम, शिरगांव, तारापूर येथील कोट बोटानें जोडीत जावें, म्हणजे पोर्तुगीजांनीं किनारा कसा राखिला तें ध्यानीं येतें. मराठ्यांनीं १७३७ त अर्नाळा आणि १७३९ त माहीम, तारापूर व अखेर वसई घेतली. ही सनावळी घोकण्यापेक्षां नकाशावर लवकर उमगते.

मग गांव टोकाला केव्हां गेलें? १८६४ सालीं मुंबई व सुरत हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं, आणि लोहमार्ग किनारा सोडून आंतून गेला तेव्हां. ‘केळवे रोड’ हें स्थानकाचें नांवच पाहा: स्थानक केळव्यास नाहीं, केळव्याच्या वाटेवर आहे. दातिवऱ्याची वाट सफाळ्यास वळली. पालघर रुळाकांठीं वाढलें व १ ऑगस्ट २०१४ रोजीं जिल्ह्याचें ठिकाण झालें. जुनें माहीम मागें पडलें. अर्नाळा दातिवऱ्यासमोर दिसतो, परंतु आगगाडीनें जावयाचें तर सफाळे, वैतरणा, विरार असा वळसा! गांव हललें नाहीं, दार हललें.

२०२५ सालीं विरार व सफाळे या दोन बाजूंमध्यें वाहनें नेणारी फेरीबोट सुरू झाली. जुनी जलवाट अगदींच बुजली नव्हती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाचकांनीं आपल्या जिल्ह्याचा एक नकाशा घरांतील भिंतीवर अवश्य लावावा, आणि “आपलें गांव कोठें?” एवढ्यावर न थांबतां मुलांस “तें तेथेंच कां?” हेंही विचारावें. उत्तर शोधतांना मुलांबरोबर वडील माणसेंही चार गोष्टी नव्यानें शिकतील. आम्ही शिकलों.