झुंजीचा वेग आणि प्रतीक्षेचा ताण : आशुतोष गोवारीकर यांच्या साहसदृश्यांविषयी

जबलपूरच्या सिविल लाइंस भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक जुना शिरस्ता आहे. नागपूर-पुण्याकडून पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखवावयाचा. धुआंधार प्रपाताचे तुषार अंगावर घ्यावयाचे, मग नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून जावयाचे आणि बंदरकूदनीपाशी दोन्ही कडे किती जवळ आले आहेत ते मान वर करून पाहावयाचे. प्रस्तुत लेखकानेही हे इतक्या वेळा केले आहे की त्या घळीतील वळणे त्याला पाठ झाली आहेत. हिंदी चित्रपटालाही ही घळ नवी नाही. राधू कर्माकर दिग्दर्शित 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०) आणि संतोष सिवन यांचा 'अशोका' (२००१) यांतून ती देशभरच्या प्रेक्षकांनी पाहिली. मात्र तिच्या वाट्याला आली ती मुख्यतः गाणी. माणसाची आणि श्वापदाची झुंज तेथे चित्रित झाली ती आशुतोष गोवारीकर यांच्या 'मोहेंजो दारो' या चित्रपटासाठी. हा चित्रपट १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या प्रारंभीच नायक सरमन एका प्रचंड मगरीशी लढतो.

हा प्रसंग पाहताना जो प्रश्न मनात आला, त्यातून प्रस्तुत लेखाची सुरुवात झाली. घळ भयावह, मगर अजस्र, नायक पराक्रमी, हालचाल अखंड. तरीही खुर्चीच्या कडेवर येऊन बसावे असे वाटले नाही. याच दिग्दर्शकाने पंधरा वर्षांपूर्वी 'लगान'मध्ये चेंडूफळीचा एक सामना दाखविला होता. त्यात रक्त नव्हते, शस्त्र नव्हते, मृत्यू तर नव्हताच. तरीही चित्रपटगृहातील माणसे श्वास रोखून बसली होती. एकाच दिग्दर्शकाच्या हातून असे का घडावे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी 'ताण' या शब्दाचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. साहसदृश्याची चर्चा करताना आपण वेग आणि ताण हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. नाट्यशास्त्राने मात्र हा घोटाळा केलेला नाही. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'आवेग' आणि 'औत्सुक्य' यांना स्वतंत्र स्थान आहे. आवेग म्हणजे उत्पात, आग, पाऊस, पिसाळलेला हत्ती यांमुळे होणारी खळबळ. औत्सुक्याची जात वेगळी आहे. इष्ट गोष्ट हाती येत नाही आणि विलंब सोसवत नाही, अशा अवस्थेला उत्तरकालीन शास्त्रकारांनी औत्सुक्य म्हटले. म्हणजे आवेगाचे मूळ घटनेत, तर औत्सुक्याचे मूळ काळात. पडद्यावर पाठलाग चालू असतो तेव्हा आवेग आपोआप निर्माण होतो. त्यासाठी चांगला संकलक आणि मोठा वाद्यमेळ पुरेसा असतो. औत्सुक्य मात्र दिग्दर्शकाला अगोदर पेरून ठेवावे लागते. ज्याला आपण ताण म्हणतो तो वस्तुतः औत्सुक्याचाच प्रकार आहे.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्र्यूफो यांच्याशी झालेल्या दीर्घ संवादात हाच भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या दृष्टान्ताने सांगितला होता. टेबलाशी माणसे गप्पा मारीत आहेत आणि अकस्मात स्फोट होतो, तर प्रेक्षकाला काही क्षणांचा धक्का मिळतो. बॉम्ब खाली आहे आणि तो किती वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला अगोदर कळले, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होतात. दृष्टान्त आता इतका परिचित झाला आहे की त्याचा मथितार्थ निसटून जातो. तो असा की ताण पडद्यावरील पात्राच्या अंगात नसतो. पात्राला आणि प्रेक्षकाला असलेल्या माहितीच्या अंतरात तो असतो.

आता 'लगान'कडे वळू. १५ जून २००१ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची लांबी पावणेचार तासांच्या आसपास आहे आणि त्याचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या सामन्याने व्यापला आहे. एवढा वेळ प्रेक्षकाला धरून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ते कसे साधले हे पाहावयाचे तर सामन्याच्या आधीचे दोन तास पाहावे लागतात. कॅप्टन रसेलची पैज सुरुवातीलाच स्पष्ट झाली आहे : हरलात तर तिप्पट लगान, जिंकलात तर तीन वर्षे साऱ्या प्रांताला माफी. काळ १८९३ चा, पाऊस नाही, कोठारात धान्य नाही. पणाला काय लागले आहे हे एका वाक्यात सांगता येते आणि चंपानेरमधील पोरासोरांनाही ते ठाऊक आहे.

त्यानंतर नियमांचे शिक्षण. एलिझाबेथ गावकऱ्यांना खेळ शिकविते, तेव्हा ती वस्तुतः प्रेक्षकालाही शिकवीत असते. भारतीय प्रेक्षकाला याची गरज नव्हती असे कोणी म्हणेल. पण या तपशिलाचे मोल परदेशात दिसले. २००१ च्या लोकार्नो महोत्सवात प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार 'लगान'ला मिळाला. ज्या देशात हा खेळ फारसा खेळला जात नाही तेथील प्रेक्षकांनाही तो सामना कळला, याचे श्रेय त्या शिक्षणाला द्यावे लागेल.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संघातील प्रत्येक माणसाला दिग्दर्शकाने एक गुण आणि एक उणीव दिली आहे. कचऱ्याचा अधू हात चेंडू वळवितो, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून सामन्यात नव्या, कोऱ्या चेंडूवर त्याची फिरकी चालत नाही तेव्हा केवळ धावा जात नाहीत. अस्पृश्य म्हणून ज्याला संघात घेण्यास गावाने विरोध केला, त्याच्याविषयी भुवनने दिलेला शब्द पणाला लागतो. चेंडू जुना झाल्यावर तीच फिरकी परत येते. तांत्रिक वाटणारा हा तपशील ताणाचा खरा कारखाना आहे. कारण आता प्रेक्षक चेंडू जुना होण्याची वाट पाहू लागतो! लाखाचा विश्वासघातही असाच. तो फितूर आहे हे आपल्याला आधी कळते, गावाला नंतर. मधल्या काळात त्याच्या दिशेने उडालेला प्रत्येक झेल म्हणजे हिचकॉकच्या टेबलाखालचा बॉम्ब आहे.

आणि शेवट. षटकाराची गरज आहे, एकच चेंडू उरला आहे, आणि तो खेळणार कचरा. त्याला एकच धाव मिळते. सामना संपला असे वाटते न वाटते तोच पंचाचा हात वर जातो : नो-बॉल. म्हणजे एक चेंडू शिल्लक आणि ती एक धाव घेतल्यामुळे भुवन फलंदाजीला. नियमाचा आधार नसता तर हीच कलाटणी चमत्कार वाटली असती. येथे मात्र ती नियमातूनच निघाली आहे. पुढचा झेल रसेल पकडतो आणि क्षणभर सारे हरल्यासारखे होते; मग कॅमेरा त्याच्या पायांकडे नेतो. पाय सीमारेषेच्या पलीकडे. चेंडू कोठे आहे यापेक्षा रेषा कोठे आहे हे महत्त्वाचे ठरते, आणि ती रेषा आपण साऱ्या सामन्यात पाहत आलो आहोत.

रणांगण आधी ओळखीचे करून देण्याची ही रीत गोवारीकरांची स्वतःची नव्हे. अकिरा कुरोसावा यांनी 'सेव्हन सामुराई'त (१९५४) ती परिपूर्ण केली. सामुराईंचा म्होरक्या काम्बेई गावाचा नकाशा काढतो, कोणत्या बाजूने दरोडेखोर येतील ते पाहतो, कोठे पाणी सोडावयाचे आणि कोठे कुंपण घालावयाचे ते ठरवितो. दरोडेखोर चाळीस. कागदावर तेवढी वर्तुळे काढली जातात आणि एकेक मारला गेला की एकेक वर्तुळ खोडले जाते. अखेरची लढाई पाऊस आणि चिखल यांच्या गदारोळात होते. तरी प्रेक्षक गोंधळत नाही, कारण हिशेब त्याच्याजवळ आहे. वर्तुळे आणि धावफलक ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत.

आता पुन्हा भेडाघाट. वस्तुतः ताणासाठी यापेक्षा अनुकूल स्थळ शोधून सापडणार नाही. दोन्ही बाजूंस उभे कडे, चढून जाण्यास जागा नाही, पाणी संथ आणि तळ न दिसणारे, पुढचे वळण नेहमी दृष्टीआड. येथील नावाडी हे उत्तम जाणतात. त्यांचे यमकबद्ध निरूपण ज्यांनी ऐकले आहे त्यांना आठवेल की नावाडी वळण येण्यापूर्वी बोलतो, वळल्यावर नाही. पुढे काय आहे ते अर्धवट सांगून तो वल्हे थांबवितो आणि नाव आपोआप सरकू देतो. दिग्दर्शनाचा हा धडा रोज नावेत मिळतो.

'मोहेंजो दारो'तील झुंजीत ही घळ दिसते, पण कळत नाही. मगर कोठून येऊ शकते, सुटकेची वाट कोणती, कोणता टप्पा ओलांडला की परतणे नाही, यांचा नकाशा प्रेक्षकाच्या मनात तयार होत नाही, असे निदान प्रस्तुत लेखकाला तरी जाणवले. शिवाय प्रसंग अगदी प्रारंभी येतो. सरमन कोण, आमरी गावाचे त्याच्याशी नाते काय, तो हरला तर कोणाचे काय जाईल, हे अजून उलगडावयाचे आहे. आणि पहिल्या दहा मिनिटांत नायक मरणार नाही, हा अलिखित नियम प्रेक्षकाला कोणत्याही एलिझाबेथने न शिकविता ठाऊक असतो! प्रसंग नायकाच्या शौर्याचा परिचय करून देतो. म्हणजे वीररसाचा उत्साह आहे, आवेगही आहे, औत्सुक्य तेवढे नाही. (जबलपूरच्या प्रेक्षकाची आणखी एक अडचण होती. नर्मदामाईचे वाहन मकर. तिच्याच पाण्यात मगरीचा वध पाहताना कथेतील नदी सिंधू आहे हे स्वतःला सांगत राहावे लागते.)

येथे एका तांत्रिक कारणाचाही विचार केला पाहिजे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९५० च्या दशकात असे प्रतिपादन केले की ज्या घटनेचे मर्म दोन घटकांच्या एकत्र असण्यात आहे, तेथे संकलनाने त्यांना तोडू नये. सिंहीण आणि मूल वेगवेगळ्या चौकटींत दाखविली तर ती युक्ती ठरते. एकाच चौकटीत आली की अंगावर काटा येतो. चार्ली चॅप्लिन 'द सर्कस'मध्ये (१९२८) सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो तो प्रसंग हसवितानाही घाबरवितो, कारण सिंह आणि माणूस एकाच चौकटीत आहेत. संगणकाने निर्मिलेल्या प्राण्याच्या आगमनानंतर हा पुरावा निकामी झाला. आता मगर आणि नायक खुशाल एका चौकटीत येतात. पण ते एकत्र नव्हते हे लहान मुलालाही माहीत असते. चौकटीचे बळ गेल्यावर दिग्दर्शकाजवळ उरतात ती जुनीच साधने : आधी दिलेली माहिती, ओळखीची केलेली जागा आणि लांबविलेला काळ. नवे तंत्र जितके समर्थ, तितकी या जुन्या साधनांची गरज वाढते, आणि नेमके त्याच वेळी त्यांचा विसर पडतो.

गोवारीकरांना ही साधने अवगत नव्हती असे नव्हे. याच चित्रपटाच्या अखेरीस धरण फुटते आणि नगर रिकामे करण्यासाठी नावा एकमेकींना बांधून पूल केला जातो. तो प्रसंग मगरीच्या झुंजीहून पकड घेतो. धरणाचा धोका कथेत पूर्वी सांगितला गेला आहे. सरमनच्या पित्याची शोकांतिकाही त्या धरणाशी निगडित आहे. पाणी किती वेगाने चढते आणि माणसे किती हळू सरकतात, हा साधा हिशेब प्रेक्षक स्वतः करू शकतो.

मराठी चित्रपटातील एका दृश्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याच्या कुटुंबाला गावातील डुकरे पकडण्याचे काम करावे लागते. त्याला कोणी साहसदृश्य म्हणणार नाही. पण त्यात पाठलाग आहे, सापळा आहे, दमछाक आहे, आणि बघ्यांत शाळेतील मुले व जब्याला आवडणारी शालूही आहे. डुक्कर सुटेल की सापडेल यापेक्षा जब्याला कोण पाहील, हा ताण मोठा आहे. लपण्यासाठी त्याने शोधलेली प्रत्येक आडोशाची जागा आपल्याला दाखविलेली असते. आणि ऐन क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. जब्या उभा राहतो, मग बाप, मग सारे कुटुंब. नियम सर्वांना माहीत आहे, कोणी तो समजावून सांगत नाही. पडद्यावर कोणतीही हालचाल नाही. कॅमेरा ताटकळतो, प्रेक्षक ताटकळतो. डुकराला तो नियम लागू नाही.