पंचेंद्रियांचे शिक्षण आणि घरची भाषा

पहिलीतल्या मुलास ‘तुझी ज्ञानेंद्रिये किती?’ असे विचारले, तर ते पाच बोटे पुढे करून डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा अशी नावे एका दमात सांगते. पालक संतुष्ट होतात, शिक्षक पुढील धड्याकडे वळतात. परंतु त्याच मुलास डोळे मिटावयास लावून हाती दोडका दिला आणि ‘हा हाताला कसा लागतो?’ असे विचारले, की पुष्कळदा उत्तर येत नाही. अवयवांची यादी पाठ झाली, अनुभवाचे शब्द मात्र राहून गेले. दोन वस्तूंमधील भेद इंद्रियाने टिपणे आणि त्या भेदास नेमका शब्द देणे, हाच इंद्रियशिक्षणाचा गाभा होय. या शिक्षणाची पहिली शाळा घर हीच असून, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांवर तिची जबाबदारी काकणभर अधिकच आहे.

हा विचार आपल्या या गुजरातेतच मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून रुजविला, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले आणि लहान मुलाच्या बुद्धीचा मार्ग त्याच्या हातांतून व इंद्रियांतून जातो, हे प्रत्यक्ष दाखविले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू करून ती पद्धती आपल्या मातीत आणली. ‘मुछाळी मा’ म्हणून गुजरात त्यांना ओळखतो. त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक मूळच्या मराठी. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. तेथे परदेशी बनावटीची महागडी साधने परवडणारी नव्हती. गारगोट्या, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. सुज्ञ पालकांनी यातून एवढेच घ्यावे, की इंद्रियशिक्षणास दुकानातील खेळणी लागत नाहीत.

माँटेसरी पद्धतीतील दोन सूत्रे घरीही सहज पाळता येतात. पहिले असे, की एका वेळी एकाच गुणाकडे लक्ष वेधावे. स्पर्शाचा खेळ असेल तर डोळे मिटलेले असावेत. आरंभी ठळक भेद घ्यावेत, मग सूक्ष्म भेदांकडे वळावे. दुसरे सूत्र तीन पायऱ्यांच्या पाठाचे. प्रथम ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’ असे मोजक्या शब्दांत सांगावे. नंतर ‘यातले खरखरीत मला दे’ असे म्हणावे. ते जमू लागल्यावरच ‘हे कसे आहे?’ असा प्रश्न करावा. मूल चुकले तर रागावू नये, खेळ आवरता घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावा.

स्पर्शासाठी एका पिशवीत मलमलीचा तुकडा, खादी, लोकर, गोणपाट आणि नदीतला गोटा घालावा व हात आत घालून ओळखावयास सांगावे. मऊ, तलम, खरबरीत, गुळगुळीत हे शब्द येथे आपोआप येतात. भेंडी चिरताना बोटास बुळबुळीत लागते आणि गूळ चिकट लागतो, हा भेद ओट्याशीच शिकावा. श्रवणासाठी एकसारख्या रिकाम्या डब्यांच्या जोड्या घेऊन त्यांत तांदूळ, वाळू, चिंचोके भरावे, झाकणे पक्की बसवावी आणि आवाजावरून जोड्या लावावयास सांगावे. आपल्या भाषेने तर ध्वनीचेच शब्द करून ठेवले आहेत. पाने सळसळतात, ओढा खळखळतो, घुंगरू किणकिणतात आणि बाळाचे खेळणे खुळखुळते म्हणूनच त्याचे नाव खुळखुळा. दाणे नाकाकानांत घालण्याची लहान मुलांस खोड असते, तेव्हा हे खेळ मोठ्यांच्या देखतच व्हावेत.

चवीच्या प्रांतात आपल्या परंपरेने गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट असे सहा रस मानले. आधुनिक शास्त्र येथे एक सूक्ष्म भेद करते. तिखटपणा ही जिभेची चव नसून दाह व वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची संवेदना आहे. म्हणूनच मिरची चिरलेला हात डोळ्यास लागला, तर डोळाही झोंबतो. जिभेच्या टोकास गोड आणि मागील भागास कडू कळते, असा जो नकाशा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला, तोही शास्त्राने अमान्य केला आहे; सर्व चवी जिभेच्या सर्व संवेदनक्षम भागांत कळतात. मोठ्या मुलास नाक दाबून बडीशेप चावावयास सांगावे. थोडी गोडी तेवढी कळेल. नाक सोडताच बडीशेप ‘बडीशेप’ होते. आपण चव म्हणतो तीत नाकाचा वाटा किती मोठा आहे, हे पाच मिनिटांत उमगते.

आणि नाकाचाच विषय निघाला, तर मराठी शब्दांची श्रीमंती येथे विशेष दिसते. मिसळणाचा डबा उघडून हिंग, जिरे, मेथी यांचे वास ओळखवावे. मग भाजलेल्या बेसनाचा खमंग वास, करपलेल्या दुधाचा करपट, पेटीत राहिलेल्या ओल्या कपड्यांचा कुबट, पिठाचा आंबूस, जुन्या खोबऱ्याचा खवट, असे भेद प्रसंगानुसार दाखवावे. ‘खवट’ हा शब्द ज्या मुलास ठाऊक आहे, ते बिघडलेला शेंगदाणा तोंडात जाताच ओळखून टाकून देते आणि तसे सांगतेही. ज्यास शब्द नाही, ते केवळ ‘आवडत नाही’ म्हणते, आणि हट्टी ठरते.

येथेच आमच्या चिंतेचे मूळ आहे. वडोदऱ्यातील मराठी मूल अंगणात गुजराती बोलते, शाळेत बहुधा गुजराती वा इंग्रजी शिकते. यात वाईट काही नाही. गुळगुळीत दगडास ‘लीसुं’ आणि तुरट आवळ्यास ‘तूरुं’ म्हणता येणे हे दुहेरी धन होय. परंतु घरी आपणच जेव्हा प्रत्येक चांगल्या वासास ‘मस्त’ आणि प्रत्येक वाईट वासास ‘घाण’ म्हणून मोकळे होतो, तेव्हा ते धन एकेरीही राहत नाही. पुस्तकी मराठी मोठेपणी शिकता येते. खमंग आणि खरपूस यांतील भेद मात्र आजीच्या तव्यापाशीच कळतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेस महत्त्व दिले आहे. शासन धोरण आखील, पण स्वयंपाकघरातला शब्द शासन पुरवू शकत नाही.

या खेळांचा आणखी एक लाभ आम्ही शाळेत अनेक वर्षे पाहत आलो आहोत. डब्यांचा आवाज ओळखण्यात वारंवार अडणाऱ्या, हाक मारल्यावर ‘काय?’ म्हणणाऱ्या मुलाचे कान कधी वाहत असतात. फळ्याजवळ जाऊन अक्षरे पाहणाऱ्या मुलाची दृष्टी अधू असते. अशा मुलांवर ‘मंद’ असा शिक्का बसतो आणि वर्षे वाया जातात. खेळात अशी शंका येताच वैद्यांकडे न्यावे. वेळीच मिळालेला चष्मा पुष्कळ शिकवण्यांहून मोलाचा ठरतो.

रोज दहा मिनिटे पुरेत. रविवारी खंडेराव मार्केटात भाजी आणावयास जाताना मुलास बरोबर न्यावे. कोथिंबिरीचा वास, कारल्याच्या काटेरी सालीचा स्पर्श, तराजूचा खणखणाट त्यास अनुभवू द्यावा, आणि परतताना एकच प्रश्न विचारावा : आज नवा कोणता शब्द मिळाला?